परत आलेल्या कुत्रीला दुसरे घर कसे शोधावे

इंदूरच्या सुदामा नगरातून एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला दुचाकीच्या धक्क्याने पाय दुखावलेले पाच-सहा आठवड्यांचे मादी पिल्लू त्यांनी घरात घेतले. पाय बरा झाला, लसी झाल्या आणि आता नवरात्रात ती पाच महिन्यांची होत आली आहे. एका कुटुंबाने तिला दत्तक नेले, पण नवव्या दिवशी परत आणून दिले. ती घरात शू करते आणि जेवताना मुलावर गुरगुरली, अशी दोन कारणे त्यांनी सांगितली. सासूबाईंचे म्हणणे आहे की गावठी मादीला कोणी घेणार नाही, तेव्हा तिला गल्लीतच सोडावे. मुलगी म्हणते, आपणच ठेवू या. अशा वेळी काय करावे, आणि घर शोधायचेच असेल तर ते कसे शोधावे?

गेली सतरा वर्षे मी रामबागेतल्या आमच्या घरी अशी कुत्री तात्पुरती सांभाळते आणि त्यांना कायमची घरे मिळवून देते. सव्वाशेच्या आसपास कुत्री माझ्याकडून दुसऱ्या घरी गेली आणि त्यांपैकी एकवीस एकदा तरी परत आली. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

सर्वांत आधी गल्लीविषयी, कारण तो निर्णय एकदा चुकला तर सुधारता येत नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला आपली हद्द ठाऊक असते. कोणत्या दारातून पोळी येते, कोणत्या वळणावर गाड्या वेगाने येतात आणि पलीकडच्या चौकातल्या कुत्र्यांच्या वाटेला का जायचे नाही, हे ते आईच्या आणि भावंडांच्या मागे फिरत शिकते. आपल्या पिल्लाचे तीन ते चौदा आठवड्यांचे वय, म्हणजे कुत्रे ज्या काळात जगाशी ओळख करून घेते त्यातला बहुतेक काळ, आपल्या घरात गेला आहे. तिला पंख्याचा आवाज, मिक्सर आणि माणसांची पावले कळतात, गल्ली कळत नाही. शिवाय इंदूरमध्ये रस्त्यावरच्या कचरापेट्या जाऊन घरोघरी कचरागाडी येऊ लागल्यापासून गल्लीत पडलेले अन्न फारसे उरलेले नाही आणि जी दोन-चार घरे खाऊ घालतात ती कुत्र्यांच्या टोळ्या फार कसोशीने राखतात, असे माझे निरीक्षण आहे. तिथे घरात वाढलेली पाच महिन्यांची मादी आठवडाभरही सुखाने राहणार नाही.

नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे पुन्हा त्याच्याच भागात सोडावे, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, त्याचा दाखला सासूबाईंच्या बाजूने कोणी देईल. पण गल्ली हेच ज्याचे घर आहे अशा कुत्र्यासाठी तो नियम आहे, आणि अशा कुत्र्याला मीही घरात आणत नाही. धडधाकट, चार घरांच्या ओळखीचे मोठे कुत्रे उचलून फ्लॅटमध्ये कोंडणे म्हणजे त्याला मदत करणे नव्हे. आपल्या पिल्लाची गोष्ट निराळी आहे. पाळलेला प्राणी उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि दत्तक घेतलेले भटके कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही दत्तक घेणाऱ्याची जबाबदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटले आहे.

सासूबाईंच्या शंकेत मात्र तथ्य आहे आणि तिला उत्तर द्यायला हवे. नर पिल्ले आधी जातात आणि माद्या मागे राहतात, हे मी दरवर्षी पाहते. लोक उघड बोलत नाहीत, पण भीती दोनच गोष्टींची असते. मादी माजावर आली की फाटकाशी नर जमतील ही एक, आणि साधारण ६३ दिवसांनी घरात सहा पिल्ले होतील ही दुसरी. नसबंदी झाली की दोन्ही प्रश्न राहत नाहीत. म्हणून मादीच्या बाबतीत ‘पुढे तुम्ही करून घ्या’ असे सांगून तिला देण्यापेक्षा, शक्य असेल तर, नसबंदी आपणच करून मग द्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. तिला सहा महिने पुरे झाले की, दिवाळीनंतर, पशुवैद्यांना दाखवून दिवस ठरवा. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवस ती टाके चाटणार नाही आणि उड्या मारणार नाही एवढे सांभाळावे लागते, आणि ते ओळखीच्या घरात जितके नीट होते तितके नव्या घरात होत नाही.

आता त्या नऊ दिवसांविषयी. कुत्रे परत आले की आपल्याला अपयश आल्यासारखे वाटते आणि त्या कुटुंबाशी पुन्हा बोलू नये असे होते. मीही पहिली काही वर्षे तेच करत होते. पण दुसऱ्या घरात आपले कुत्रे कसे वागते हे आपल्याला कधीच पाहता येत नाही आणि त्या लोकांनी ते नऊ दिवस पाहिले आहे. म्हणून राग बाजूला ठेवून त्यांना फोन करा आणि बारीकसारीक विचारा. शू नेमकी कुठे करत होती, किती वाजता, त्या वेळी समोर कोण होते? गुरगुरली तेव्हा ताटलीत काय होते, मूल कुठे उभे होते, त्याने हात पुढे केला होता का, आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले? उत्तरे वहीत लिहून ठेवा. तात्पुरत्या सांभाळाचा खरा उपयोग कुत्रे ओळखण्यासाठी आहे. खाऊ घालणे, औषधपाणी करणे हे तर करायचेच, पण ज्याला आपण नीट ओळखत नाही त्याला योग्य घर शोधता येत नाही, आणि बहुतेक कुत्री वाईट घरामुळे परत येत नाहीत, अपुऱ्या माहितीमुळे येतात.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. एक काळा नर मी एका फार भल्या कुटुंबाला दिला होता आणि तो रात्ररात्र भुंकतो म्हणून बाराव्या दिवशी परत आला. त्यांनी त्याच्यासाठी पार्किंगमध्ये गादी घातली होती, पाणी ठेवले होते, काही कमी केले नव्हते. आमच्याकडे मात्र तो चार महिने माझ्या पलंगाच्या पायथ्याशी झोपत होता आणि ही गोष्ट त्यांना सांगायचे मला सुचलेच नव्हते, कारण माझ्या दृष्टीने ती सांगण्यासारखी नव्हती. पुढे तो एका निवृत्त दांपत्याकडे गेला, त्यांच्या खोलीत झोपू लागला आणि त्यानंतर रात्री भुंकला नाही.

घरात शू करण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिला प्रकार सवयीचा. पाच महिन्यांचे पिल्लू जागेपणी चार-पाच तासांपेक्षा जास्त धरून ठेवू शकत नाही, आणि नव्या घरात बाहेरचे दार कोणते हेच त्याला माहीत नसते, त्यामुळे शिकलेले पिल्लूही पहिले काही दिवस चुकते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावे, जागा तीच ठेवावी, आणि बाहेर झाले की तिथेच, त्याच क्षणी, खाऊ द्यावा. घरी येऊन दिला तर तो कशासाठी मिळाला हे तिला कळत नाही. दुसरा प्रकार भीतीचा किंवा अति आनंदाचा. कोणी दारातून आत येते, वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवते, ती कान मागे घेते, अंग चोरते, शेपटी खालून हलवते आणि तिथेच चार थेंब होतात. ही शू तिच्या हातात नसते. इथे रागावले की ती वाढते. आल्यावर तिच्याकडे न पाहता दोन मिनिटे आपले काम करावे, मग खाली बसून तिला स्वतःहून येऊ द्यावे आणि डोक्यावर नव्हे, छातीवर हात फिरवावा. बहुतेक पिल्लांची ही सवय वर्षाच्या आत जाते. ती वारंवार थोडी थोडी शू करत असेल किंवा तिला त्रास होत असेल, तर मात्र आधी लघवी तपासून घ्यावी.

गुरगुरण्याबाबत थोडे अधिक लिहिते, कारण पुढचे घर मिळणे त्यावर अवलंबून आहे. ताटलीवरून गुरगुरणारे कुत्रे दुष्ट नसते. अन्न हिसकावले जाईल ही भीती त्याला असते आणि तसे ते सांगत असते. आपल्याकडे दोन चुका हमखास होतात. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून ताटली मध्येच उचलली जाते, किंवा गुरगुरल्याबद्दल फटका दिला जातो. पहिल्याने तिची भीती खरी ठरते, आणि दुसऱ्याने ती पुढच्या वेळी न गुरगुरता चावायला शिकते. आपण असे करा. ती जेवत असताना पाच-सहा पावलांवरून, तिच्याकडे न वळता, नेहमीच्या चालीने जा आणि जाता जाता ताटलीच्या दिशेने उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा छोटा तुकडा टाका. थांबू नका, बोलू नका, पुढे निघून जा. दिवसातून दोन जेवणांना दोन-तीनदा एवढेच. आठवड्याभरात आपली पावले ऐकून ती मान वर करून वाट पाहू लागेल. तसे झाले की अंतर एका पावलाने कमी करा. तिचे अंग ताठ झाले, खाण्याचा वेग वाढला किंवा डोळ्यांच्या कडेने पाहू लागली तर आपण घाई केली असे समजून पुन्हा मागे जा. हे काम घरातल्या मोठ्या माणसांनी करायचे आहे. मुलीने नाही. आणि कितीही सुधारणा झाली तरी कुत्रे जेवत असताना लहान मूल त्याच्याजवळ नसावे, हा नियम सर्व कुत्र्यांना आणि सर्व घरांना लागू आहे. तिने दात लावले आणि कातडी फुटली, किंवा दुखापत झालेल्या माणसाला शंका असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तिला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरांतली एक सवय सांगते. दूध-पोळी हे कुत्र्याचे अन्न आहे असे आपण मानतो, पण त्यात प्रथिने कमी पडतात आणि दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. भात किंवा पोळीबरोबर अंडे, चिकन किंवा घरात चालत नसेल तर पनीर, दही आणि शिजवलेला लाल भोपळा, बिनमिठाचा आणि बिनमसाल्याचा, असे द्यावे. सकाळच्या पोह्यांतले उरलेले घालू नयेत, कारण त्यांत कांदा असतो आणि कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्तपेशींना घातक आहे. मनुका-द्राक्षे आणि चॉकलेटही वर्ज्य.

घर शोधण्यासाठी जाहिरातीचा मजकूर लिहिताना दयेची हाक देऊ नये. ‘कोणी नाही घेतले तर रस्त्यावर मरेल’ असे लिहिले की फोन खूप येतात, पण दया आलेले घर तीन दिवसांत थकते. फोटो दिवसाच्या उजेडात, खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, आणि एक फोटो माणसाजवळचा असावा, म्हणजे आकार कळतो. मजकूर साधारण असा असावा: ‘पाच महिन्यांची तपकिरी देशी मादी. मोठी झाल्यावर मध्यम आकाराची, पंधरा किलोच्या आसपास राहील. लसीकरण झाले आहे, नसबंदी करूनच दिली जाईल. मागचा एक पाय दुखावला होता, आता बरा आहे, पळताना किंचित आखडतो. अनोळखी माणसापुढे सुरुवातीला बुजते, दोन भेटींत सरावते. जेवताना जवळ आलेले आवडत नाही, त्यावर काम चालू आहे, म्हणून दहा वर्षांखालील मुले असलेल्या घरी देणार नाही. दिवसा कोणीतरी घरी असेल असे घर हवे.’ हे वाचून वीसऐवजी तीन फोन येतील. आपल्याला एकच हवा आहे. देशी कुत्र्याचे गुण सांगायला संकोच करू नये. आखूड केस, उन्हाळ्यातही मालव्याची दुपार सोसण्याची ताकद आणि घराकडे लक्ष ठेवण्याची सवय या गोष्टी शहरातल्या घराला फार उपयोगी आहेत.

फोन आलेल्यांना ‘कुत्री आवडतात का’ असे विचारून काही हाती लागत नाही. मी विचारते की दुपारी दोन वाजता घरी कोण असते, रात्री ती कुठे झोपेल, गावी लग्नाला सगळे गेलात तर तिच्याजवळ कोण राहील, घर भाड्याचे असेल तर घरमालकांना विचारले का, आणि घरात कुत्रे नको असलेली व्यक्ती कोण. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण आधी हसतात आणि मग खरे नाव सांगतात. त्या व्यक्तीला भेटल्याशिवाय मी पुढे जात नाही. अनेकदा ती आजी असते, तिची अडचण देवघर आणि स्वयंपाकघर एवढीच असते, आणि तिथे गुडघाभर उंचीचे लाकडी दार लावायचे ठरले की तिचा विरोध मावळतो. आधीचे कुत्रे कशाने गेले हेही विचारावे. पार्वो या विषाणूच्या आजाराने गेले असेल, तर त्या घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर तरी देऊ नये, कारण तो विषाणू जमिनीत आणि फरशीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. जागा आधी स्वच्छ धुऊन मग एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात ब्लीच दहा मिनिटे राहू द्यावे लागते. आपण पुढे आणखी एखादे पिल्लू आणणार असाल तर त्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, हे मी हात जोडून सांगते. पहिल्याच वर्षी ते न केल्यामुळे मी एका आठवड्यात तीन पिल्ले गमावली.

‘बायपासजवळ फार्महाऊस आहे, मोकळी राहील’ किंवा ‘गोदामाला राखण हवी’ असे म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. तिथे रात्री बहुधा एक चौकीदार आणि एक साखळी असते. त्यापेक्षा दोन खोल्यांच्या घरात, माणसांच्या पायांत राहणारे कुत्रे सुखी असते. पसंत पडलेल्या घरी एकदा स्वतः जा. गच्चीचा कठडा, गॅलरीच्या गजांमधले अंतर आणि फाटकाखालची फट पाहा. पिल्लू डोके घालू शकेल तिथून ते बाहेरही पडू शकते.

दिवस निवडतानाही विचार हवा. दिवाळीच्या आधी तिला कोणाकडेही देऊ नका. नव्या घरात फटाक्यांनी घाबरून पळालेले कुत्रे परतायचे कुठे हे त्याला माहीत नसते. तसेच होळीपासून रंगपंचमीच्या गेरीपर्यंतचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंतचा, आठवडा मी पूर्णपणे टाळते. आपल्या बाबतीत हे सोयीचेच आहे. दिवाळी आपल्याकडे जाईल, मग नसबंदी, टाके निघतील, तोपर्यंत ताटलीचे कामही पुढे गेलेले असेल, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ती जायला तयार होईल.

मुलीच्या म्हणण्याविषयी. ठेवून घेणे चूक नाही, पण तो निर्णय तिला पाहायला पहिले कोणी दारात येण्याआधी, घरातल्या सर्वांनी बसून करावा, आणि पुढची बारा-चौदा वर्षे डोळ्यांसमोर ठेवून करावा. ठेवली तर पुढच्या पिल्लासाठीची जागा भरली, हे मुलीला सांगावे. द्यायचे ठरले तर तिला बाजूला ठेवू नका. वहीत नोंदी तिलाच करू द्या, नव्या घरच्या माणसांना कुत्रीच्या सवयी तिनेच समजावून सांगाव्या. माझा मुलगा आठव्या वर्षापासून हे करत आला. रडू त्याला दर वेळी आले, पण कुत्रे कोठे गेले आणि का गेले हे ठाऊक असल्यामुळे ते रडू लवकर सरले.

देताना साध्या कागदावर लिखापढी करावी आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. काही कारणाने जमले नाही तर ती फक्त आपल्याकडेच परत येईल, परस्पर दुसऱ्याला दिली जाणार नाही, हे कलम सर्वांत ठळक असावे, आणि ‘केव्हाही परत आणा, मी रागावणार नाही’ हे तोंडानेही सांगावे, कारण संकोचाने लोक कुत्रे सोडून देतात आणि ‘पळून गेले’ म्हणतात. नेताना गळ्यात पट्टा आणि अंगावर हार्नेस, दोन्हींना वेगवेगळी दोरी, आणि गाडीचे दार उघडण्याआधी दोरी हाताला गुंडाळलेली. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला. बरोबर चार दिवसांचे नेहमीचे खाणे आणि तिच्या अंथरुणाचा न धुतलेला तुकडा द्यावा. पहिले तीन दिवस अंघोळ नको, पाहुणे नकोत, शेजारच्या मुलांना बोलावणे नको.

त्यानंतर पहिल्या रात्री, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फोन करा. एक फोन ती आठ महिन्यांची होईल तेव्हा ठेवा, कारण त्या वयात शिकलेले विसरल्यासारखे वागणारी कुत्री पुष्कळ असतात, घरचे गोंधळतात, आणि त्यांना तेव्हा एवढेच ऐकायचे असते की हे सगळ्यांकडे होते आणि दोन-तीन महिन्यांत निवळते.